वीरगळ, वाल्हाल्ला आणि चतुर्दशीचे श्राद्ध

रणात पडलेल्या योद्ध्याला विशेष गती लाभते, ही श्रद्धा नॉर्स व मराठी अशा दोन्ही परंपरांत आढळते. स्नोरी स्टुर्लुसनच्या तेराव्या शतकातील 'एडा'नुसार ओडिनने निवडलेले वीर वाल्हाल्लात जातात व अंतिम संग्रामासाठी रोज लढतात; रोगाने वा वार्धक्याने मेलेल्यांच्या वाट्याला हेलचे राज्य येते. उत्तर कोकणात एक्सर येथील वीरगळांवर खाली युद्ध, तर वर शिवलोक कोरला आहे. तेथे युद्धाची तयारी आहे, येथे युद्धाची समाप्ती.

परंतु प्रत्येक शिपायाला वीरगळ लाभत नाही. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीची लढाई (२ फेब्रुवारी १६६१) शिवाजी महाराज व कारतलबखान यांच्या नावांनी स्मरली जाते. शस्त्राने मेलेल्यांसाठी मात्र भाद्रपद वद्य चतुर्दशीचे श्राद्ध विहित आहे. त्यास हुद्द्याची अट नाही. म्हणून सामान्य मृतांचा इतिहास शिळेइतकाच विधीतही शोधला पाहिजे.