व्यंगचित्राची साक्ष

1872 च्या पुराव्याच्या कायद्यात ‘दस्तऐवज’ ह्या शब्दाची व्याख्या देऊन खाली काही उदाहरणे जोडलेली होती. दगडावर कोरलेला लेख हा दस्तऐवज होय, असे सांगून लगेच पुढे, व्यंगचित्र हाही दस्तऐवजच, असे त्यांत म्हटले होते. 1 जुलै 2024 रोजी त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. व्यंगचित्र मात्र जागचे हलले नाही. शिलालेखाच्या पंक्तीस व्यंगचित्राला बसविणारे हे कायदेकार आपल्या इतिहासकारांहून अधिक उदार म्हणावयाचे.

मुंबईस कुलाब्यात कॅफे माँडेगार नावाचे जुने इराणी उपाहारगृह आहे. रात्री तेथे गाणी वाजतात, पेले भरले जातात. देवळाच्या सभामंडपात वाढलेल्या आपल्या मंडळींना ती जागा परकी वाटावी, हे साहजिकच. तथापि तेथील भिंती अवश्य पाहाव्यात. लोटलीच्या मिरांडा घराण्यातील मारियो (1926-2011) यांच्या चित्रांनी त्या भरलेल्या आहेत. एका भिंतीवर मुंबापुरीचा संसार, तर समोरच्या भिंतीवर खुद्द त्या उपाहारगृहातील गर्दी! बसलेल्या माणसाला भिंतीवर आपलेच भाऊबंद दिसावेत, असा हा प्रकार. पॅरिसमध्ये 1889 साली उघडलेल्या मुलाँ रूज ह्या नृत्यगृहाची चित्रे तुलूझ-लोत्रेक याने काढली, तेव्हा नर्तकी आणि गिऱ्हाइके यांच्या घोळक्यात त्याने स्वतःलाही रंगविले होते. दरबारी चित्रांत ज्यांना कधी जागा मिळाली नसती, अशी ही माणसे.

आणि ती सर्वस्वी परकी तरी कोठे आहेत? मुंबईच्या ह्याच रात्रीच्या दुनियेत गोव्याच्या वादकांनी पोट भरले. क्रिस पेरी आणि लोर्ना यांची कोंकणी गाणी त्याच वातावरणात वाढली. गाणी ध्वनिमुद्रिकांनी राखली. त्या मैफली कशा दिसत, कोण कोणाशेजारी बसे, हे मात्र गाण्यावरून कळत नाही. ते सांगावे चित्रानेच.

हा न्याय आपल्या देवळांनाही लागू आहे. बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले, की पेडण्याकडील काही देवळांत कावीची चित्रे भेटतात. तीच परंपरा खाली कारवार, अंकोला, कुमठ्यापर्यंत पसरलेली. शिंपल्यांचा चुना, वाळू व गूळ एकत्र कुटून गिलावा करावयाचा, वर तांबड्या कावेचा थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडून खालचा पांढरा उघडा पाडावयाचा. रंग भिंतीत मुरलेला. पाऊस त्याला धुऊ शकत नाही. त्याला धुतो तो जीर्णोद्धार! होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत (1934-2002) यांनी गावोगाव हिंडून ह्या चित्रांची नोंद केली नसती, तर कित्येकांचा मागमूसही उरला नसता.

काकतीच्या आसपासच्या दोन देवस्थान समित्यांना मी सुचविले, की जीर्णोद्धाराच्या ठरावात एक कलम घालावे : कोणत्याही जुन्या भिंतीला हात लावण्यापूर्वी तिची छायाचित्रे घेऊन दप्तरी ठेवावीत. एकीने कलम घातले. दुसरीचे उत्तर आले, की सूचना मान्य आहे, परंतु रंगारी कालच काम उरकून गेले.