धनी काल्पनिक, कामकरी खरे

१९९७ साली फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, त्रेन्यी गावाजवळच्या रानातील एका सोडून दिलेल्या दगडखाणीत किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. नाव गेदलाँ. किल्ला आजचा, पण रीत तेराव्या शतकाची. राजा फिलिप ऑग्युस्त ह्याच्या काळी रूढ झालेला आराखडा, त्याच खाणीतला तांबूस वालुकाश्म, भोवतालच्या रानातले ओक, चुना आणि वाळू. सिमेंट नाही. सेंट-फार्जोच्या जुन्या गढीचे मालक मिशेल गियो ह्यांची ही कल्पना; ती तडीस नेली मारिलिन मार्तँ ह्यांनी.

किल्ला म्हटला की धनी हवा. म्हणून गिल्बेर नावाचा, बेताच्या ऐपतीचा एक सरदार कल्पिला गेला. म्हणजे इथे धनी काल्पनिक आहे आणि कामकरी खरे आहेत. इतिहासग्रंथांत नेमके उलटे असते. तिथे सरदाराची वंशावळ पाच-पाच पिढ्यांची, आणि भिंत मात्र जणू आपोआप उभी राहिलेली! आपल्या रायगडावर निदान हिरोजी इंदुलकरांचे नाव एका पायरीवर कोरलेले आहे. दगड फोडणाऱ्यांचे नाव कोणत्या पायरीवर आहे?

गेदलाँमध्ये ह्या फोडणाऱ्या, घडवणाऱ्या, वाहणाऱ्या हातांकडे पाहावेच लागते. तेरा गाठींचा एक दोर घेतात. गाठींमध्ये बारा सारखी अंतरे. तीन, चार आणि पाच अंतरांच्या बाजू धरून त्रिकोण ताणला की काटकोन तयार. अक्षरशत्रू माणूसही त्यावरून भिंतीची आखणी करू शकतो. दगड वर चढवायला मोठे लाकडी चाक असते. त्याच्या पोटात माणूस चालत राहतो, दोर गुंडाळला जातो, ओझे वर जाते. फ्रेंच लोक ह्या चाकाला खारीचा पिंजरा म्हणतात. चालणाऱ्याला काय वाटत असेल ते त्या नावातच आले. पाथरवटाच्या टाक्या रोज बोथट होतात. त्यांना पाणी देणारा लोहार जवळ नसला तर सारे कामच थांबते.

ही विद्या ग्रंथांत फारशी उतरली नाही. ज्यांच्या हाती ती होती त्यांच्या हाती लेखणी नव्हती. गेदलाँने ती प्रत्यक्ष करून, चुकून, पुन्हा करून मिळवली, आणि हे त्याचे थोर कार्य आहे असे मी मानतो. २०१९ साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे छप्पर जळाले, तेव्हा कुऱ्हाडीने ओक तासून तुळया घडवू शकणारे सुतार हवे झाले. त्यांतले काही गेदलाँमध्ये तयार झालेले होते.

परंतु एक गोष्ट तिथे पुन्हा उभी करता येत नाही, करूही नये. ती म्हणजे सक्ती. गेदलाँचा गवंडी पगारी आहे. अंगात तेराव्या शतकाचा सदरा, पण पायांत कायद्याने संरक्षक बूट. खर्च निघतो तो पाहुण्यांच्या तिकिटांतून.

खऱ्या तेराव्या शतकात काय होते? इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्सचे बंड मोडून १२९५ साली ब्यूमॅरिसचा किल्ला बांधायला घेतला. वेल्समधील त्याच्या किल्ल्यांसाठी इंग्लंडच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे हुकुमाने गोळा केली जात. १२९६ च्या फेब्रुवारीत बांधकामप्रमुख मास्टर जेम्स आणि त्याचा सहकारी ह्यांनी राजाच्या खजिन्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पैसा जातो कुठे, ह्याचा हिशेब त्यात दिला आहे : ४०० पाथरवट, २००० बिगारी, २०० खाणकामगार, शिवाय लोहार, सुतार, गाड्या, नावा. आणि पुढे म्हटले आहे की मजुरी थकली आहे, माणसांजवळ खायला काही उरलेले नाही, त्यांना टिकवून धरणे अवघड झाले आहे. २००० बिगाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या पत्रात नाही.

ह्या किल्ल्यापायी शेजारचे लानव्हाइस हे वेल्श गाव उठवण्यात आले. तिथली माणसे बारा मैलांवर न्यूबरो नावाच्या नव्या वस्तीत नेऊन बसवली. ब्यूमॅरिसचे बुरूज मात्र ठरवलेल्या उंचीला कधी पोहोचलेच नाहीत. पैसा संपला होता.