कारच्या सबवूफर बॉक्सला आतून आधार का द्यावा लागतो?

घरी बनवलेल्या बॉक्समधून बास 'धप्प' न येता 'घुर्र' असा येत असेल, तर स्पीकर किंवा अँप्लिफायर बदलण्याआधी बॉक्सच्या फळ्या तपासा. ४० हर्ट्झचा टोन लावून मोठ्या फळीच्या मध्यावर हात ठेवा. ती जोरात थरथरत असेल, तर ॲम्पची ताकद लाकूड हलवण्यात वाया जाते आहे.

ढोबळ हिशेब पाहा. ३० लिटरच्या बंद बॉक्समध्ये १२ इंची सबवूफरचा पडदा १ सेंटीमीटर आत आला, की जवळपास अर्धा लिटर हवा दाबली जाते. तेवढ्याने ४० बाय ३५ सेंटीमीटरच्या फळीवर ३० किलोच्या आसपास वजनाइतका जोर पडतो. लगेच पडदा बाहेर जातो आणि फळी आत ओढली जाते. सेकंदाला ४० वेळा!

बहुतेकांना सुचतो तो उपाय म्हणजे जाड फळी. १८ ऐवजी २५ मिलिमीटरचा एमडीएफ घेतला, तर फळी अडीच पटींहून जास्त ताठ होते. पण वजनही जवळजवळ दीडपट होते आणि डिकीतली जागा जाते. त्यापेक्षा आधारांमधलं अंतर कमी करणं स्वस्त पडतं. दोन टोकांवर टेकलेल्या फळीचं अंतर निम्मं केलं, तर ती सोळाव्या हिश्श्याइतकीच वाकते. बॉक्सची फळी चारही बाजूंनी चिकटवलेली असते, त्यामुळे फरक इतका टोकाचा नसतो, तरी चांगलाच जाणवतो.

म्हणून समोरासमोरच्या फळ्या आतून एका दांडीने जोडा. दांडी नुसती ठोकून अडकवू नका. हवा दाबली जाते तेव्हा दोन्ही फळ्या बाहेर पळतात आणि दांडी ताणली जाते; अडकवलेली दांडी त्या क्षणी काहीच करत नाही. दोन्ही टोकांना फेविकॉल आणि बाहेरून स्क्रू हवाच. दांडी मध्यापासून थोडी बाजूला घ्या, म्हणजे फळीचे दोन्ही भाग एकाच सुरात घुमत नाहीत.

मागच्या फळीसमोर स्पीकर असतो, तिथे दांडी बसत नाही. तिथे ५ सेंटीमीटर रुंद पट्टी चिकटवा, पण उभ्या धारेवर. सपाट चिकटवलेली पट्टी फारशी उपयोगी नाही. स्पीकरच्या मागच्या चुंबकाला आणि हवेच्या छिद्राला मात्र मोकळी जागा ठेवा.

साडेचार सेंटीमीटरची चौरस दांडी ३५ सेंटीमीटर लांब असेल, तर सुमारे ०.७ लिटर जागा खाते. बंद बॉक्सला त्याने फारसा फरक पडत नाही. पोर्ट असलेल्या बॉक्समध्ये मात्र आतली जागा घटली की पोर्टचा सूर वर सरकतो, तेव्हा सगळ्या दांड्या-पट्ट्यांचं माप आधीच धरून बॉक्स तेवढा मोठा कापा.