अंगणातला बर्फ आणि लहान शेताचा ट्रॅक्टर

चंडीगडच्या सेक्टर 39 मध्ये घरासमोरचा बर्फ उपसण्याची वेळ कुणावर येत नाही. तरीही घरचा बर्फ हटवणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचा इतिहास मांडायला ही जागा चांगली आहे. जवळच्या सेक्टर 37 मध्ये हिम आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. 1969 साली स्थापन झालेली ही संस्था 2020 मध्ये संरक्षण खात्याच्या नव्या संस्थेत विलीन झाली. दुसऱ्या बाजूला मोहाली. दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत आखलेला, सुमारे 26 अश्वशक्तीचा ‘स्वराज 724’ पंजाब ट्रॅक्टर्सने 1974 मध्ये इथेच बाजारासाठी तयार केला. बर्फाचे शास्त्र आणि लहान ट्रॅक्टर असे शेजारी नांदत असूनही वरच्या हिमाचलात घरोघरी ट्रॅक्टरने बर्फ काढायची रीत पडली नाही. ती पडली उत्तर अमेरिकेत. याचे कारण हिमवृष्टीच्या मापात शोधून सापडत नाही. हे यंत्र बर्फाने घडवलेलेच नाही. ते लहान शेतांनी घडवले, आणि घरापर्यंत जाणाऱ्या खासगी रस्त्याने त्याला बर्फात उतरवले.

बर्फासाठी मुद्दाम बनवलेली यंत्रे पाहिली की हे पटते. टोरांटोच्या एका दंतवैद्याने 1869 मध्ये फिरत्या पात्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले, ते रेल्वेसाठी. क्यूबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी 1925 मध्ये बर्फ उडवून बाजूला फेकणारे यंत्र बनवले, ते सार्वजनिक रस्त्यांसाठी. घरमालकाच्या हाती फावडेच राहिले. त्या फावड्यावर किती भार पडत होता? पंधरा मीटर लांब, पाच मीटर रुंद वाटेवर तीस सेंटीमीटर ताजा बर्फ साचला आणि घनमीटरला शंभर किलो वजन धरले, तर सव्वादोन टन भरतात. बर्फ ओला असेल तर याच्या कितीतरी पट. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे पसरली, प्रत्येक घराला मोटारीची वाट आली आणि ती मोकळी ठेवणे मालकाचे काम झाले. शिवाय नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करताना त्या वाटेच्या तोंडाशीच बर्फाचा घट्ट बांध घालून जातो. तो घरमालकालाच फोडावा लागतो.

या कामाला यंत्र मिळाले ते शेतीकडून. हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची हायड्रॉलिक जोडणी 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरबरोबर मोठ्या प्रमाणावर पसरली. एकाच ट्रॅक्टरला आज नांगर, उद्या पाते जोडता येऊ लागले. त्याला योग्य असे लहान आकारमान जपानने दिले. तिथली शेते सरासरी हेक्टरभराची. कुबोटाने 1960 मध्ये तिथल्या शेतीसाठी ट्रॅक्टर बनवला आणि 1969 मध्ये 21 अश्वशक्तीचा एल 200 अमेरिकेत नेला. 1963 पासून कांदिवलीत ट्रॅक्टर बनवणाऱ्या महिंद्रांनी 1994 मध्ये अमेरिकेत विक्री सुरू केली. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधून फवारणी करत जाणारा मिनी ट्रॅक्टर आपल्याला परका नाही. पीटीओवर, म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या दांड्यावर, रोटाव्हेटरऐवजी बर्फ फेकणारे यंत्र जोडले तरी मूळ रचना तीच राहते.

कुणी म्हणेल, हिवाळ्यातली गरज नसती तर दोन-चार एकरांच्या अमेरिकी घरमालकाने ट्रॅक्टर घेतलाच नसता. पण महिंद्रांनी सुरुवात केली ती टेक्सासमध्ये, जिथे बर्फ क्वचित पडतो. गवत कापणे, माती ओढणे, कुंपणासाठी खड्डे घेणे ही तिथली रोजची कामे. उत्तरेकडच्या घरांत त्याच यंत्राला हिवाळ्यात आणखी एक काम मिळाले. बर्फामुळे खरेदी वाढली असेल, हे मी नाकारत नाही; मात्र फक्त बर्फासाठी इतके महाग यंत्र वर्षभर उभे ठेवणे सामान्य घराला परवडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हिमाचलात हे घडले नाही ते निव्वळ पैशाअभावी. किंमत आड येतेच, यात शंका नाही. पण सफरचंदाच्या बागांनी शिमला-कुल्लूकडच्या अनेक कुटुंबांना चांगली मिळकत दिली आहे, आणि यंत्रे तिथे अनोळखी नाहीत. अडसर जमिनीच्या घडणीचा आहे. उतारावरच्या कितीतरी घरांना मोटारीची वाटच नसते; रस्त्यापासून पायऱ्या आणि पाऊलवाट. लाहौलमध्ये घरमालकाचा खरा बर्फ सपाट मातीच्या छपरावर साचतो आणि तो वेळीच ओढून टाकला नाही तर छप्पर गळते किंवा खचते. तिथे ट्रॅक्टर चढणार कसा? रस्त्यावरच्या बर्फाची जबाबदारी सरकारची: 1960 मध्ये स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना 3,978 मीटर उंचीचा रोहतांग डोझरने मोकळा करत आली, आणि 2020 मध्ये 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा झाल्यावर लाहौलला त्या घाटावर अवलंबून राहावे लागत नाही. छपरासाठी मात्र आजही फावडे आणि शेजाऱ्यांचे हातच लागतात.