अन्ननलिकेचे बेरियम चित्रण

घशाच्या तळापासून जठराच्या मुखापर्यंत गेलेली, प्रौढ माणसात सुमारे 25 सेंमी. लांबीची स्नायुमय नळी म्हणजे अन्ननलिका. मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर ती सुरू होते, छातीत श्वासनलिकेच्या मागून उतरते आणि मध्यपटलातील छिद्रातून उदरात शिरते. साध्या क्ष-किरण चित्रात ती जवळजवळ दिसतच नाही, कारण तिची घनता शेजारच्या मऊ ऊतींसारखीच असते.

म्हणून रुग्णाला बेरियम सल्फेटाचे पांढरे, दाट मिश्रण प्यायला देतात. बेरियम क्ष-किरण अडवते. त्याची विद्राव्य लवणे विषारी असली, तरी सल्फेट पाण्यात विरघळत नाही आणि शरीराबाहेर पडते. अन्ननलिका फाटल्याची शंका असल्यास मात्र आधी पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव्य वापरतात.

पडद्यावर घोट खाली सरकताना पाहणे हाच या तपासणीचा खरा लाभ. स्थिर चित्रातून हालचाल कळत नाही. 1896 मध्ये हार्वर्डचे विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनी प्राण्यांवर असेच प्रयोग सुरू केले होते.

महारोहिणीची कमान आणि श्वासनलिकेची डावी शाखा यांचे दाब अन्ननलिकेवर स्वाभाविकपणे उमटतात. ते आजार समजू नयेत. खालचे टोक सैल होत नसेल, तर नळी फुगून पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. संधिवाती तापाने हृदयाची द्विदल झडप अरुंद झाल्यास फुगलेले डावे अलिंद अन्ननलिकेला मागे ढकलते. प्रतिध्वनी चित्रण येण्यापूर्वी ही खूण फार मोलाची होती. आता दुर्बीण तपासणीमुळे बेरियमचा वापर घटला आहे, पण गिळण्याच्या क्रियेतील दोष शोधायला ते आजही उपयोगी पडते.