सुवण्णवण्ण आणि मंगुरच्छवि : लहान बुद्धमूर्तीच्या रंगलेपनाविषयी काही विचार

आपल्या घरांतील बुद्धमूर्ती बहुधा वीतभर उंचीची असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीच्या परिसरात, महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, तशीच द्वारकेसारख्या नाशिकच्या वर्दळीच्या भागांत, प्लास्टरच्या अशा मूर्ती मांडलेल्या दिसतात. त्यांपैकी काही नखशिखान्त सोनेरी असतात, तर काहींचे चीवर केशरी आणि मुख गुलाबी-पांढरे असते. काही उपासक कोरी मूर्ती घेऊन ती स्वतः रंगवितात आणि त्यांच्याकडून वारंवार एकच प्रश्न येतो : तथागतांच्या त्वचेला कोणता रंग द्यावा? प्रश्न वरवर कारागिरीचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर शोधताना पालि वाङ्मय, लेण्यांतील चित्रकला आणि ‘वर्ण’ या शब्दाचा आपल्या समाजातील इतिहास या तिन्ही गोष्टी समोर येतात.

सर्वसाधारण समज असा की, बुद्ध सुवर्णवर्ण होते, म्हणून मूर्ती सोनेरी असावी. या समजाला आधार आहे. दीघनिकायातील लक्खणसुत्तात महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांमध्ये ‘सुवण्णवण्ण’ आणि ‘कञ्चनसन्निभत्तच’ ही विशेषणे येतात. परंतु त्याच सुत्तात या लक्षणाचे कारणही दिलेले आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. पूर्वजन्मांत क्रोध न धरणे, कटू बोलण्यानेही न चिडणे आणि मऊ, तलम वस्त्रांचे व अंथरुणा-पांघरुणांचे दान करणे, यांचे हे फळ होय. म्हणजे येथील सोने कुळातून आलेले नाही, आचरणातून आलेले आहे. लगतच्या ‘सुखुमच्छवि’ या लक्षणाचे कारण तर त्याहून मनोज्ञ आहे. श्रमण-ब्राह्मणांकडे जाऊन कुशल काय, अकुशल काय, असे प्रश्न विचारण्याच्या सवयीमुळे त्वचा इतकी सूक्ष्म झाली की तिला धूळ चिकटत नाही. जिज्ञासेचे फळ त्वचेवर दिसावे, ही कल्पना दुसऱ्या कोणत्या परंपरेत असल्यास ती माझ्या वाचनात नाही.

लक्षणांची ही भाषा स्तुतीची भाषा आहे. त्याच निकायांत बुद्धांच्या त्वचेचे दुसरे, अत्यंत मानवी वर्णनही आढळते. मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात भगवान स्वतःच्या दुष्करचर्येविषयी सांगतात. अत्यल्प आहारामुळे शरीर इतके खंगले की पाहणाऱ्यांत मतभेद झाले. कोणी म्हणाले, श्रमण गोतम ‘काळ’ आहे. कोणी म्हणाले, ‘साम’ आहे. आणखी कोणी म्हणाले, दोन्ही नव्हे, तो ‘मंगुरच्छवि’ आहे. काळा, सावळा आणि मंगुरच्छवि ही तीन नावे पालि वाङ्मयात नेहमीच्या वापरातली आहेत. चूळमालुक्यसुत्तातील बाण लागलेला मनुष्यही बाण मारणारा या तिहींपैकी कोणत्या वर्णाचा, असे विचारतो. यांतील तिसऱ्या शब्दाचा अर्थ कोशकार ‘सोनेरी’ असा देतात. परंतु संस्कृतातील ‘मद्गुर’ आणि आपल्याकडील मांगूर मासा यांच्याशी असलेले त्याचे नाते ध्यानात घेतले, तर झळाळत्या सोन्यापेक्षा पिवळसर-करडी झाक असलेली कातडी डोळ्यांपुढे येते. मला हा अर्थ अधिक जवळचा वाटतो. या भूमीतील माणसांच्या त्वचेचे तेच तीन रंग आजही आहेत. गुलाबी-पांढरा त्यांत नाही.

येथे ‘वण्ण’ या शब्दाच्या दुहेरी अर्थाकडे वळणे अपरिहार्य आहे. पालित ‘वण्ण’ म्हणजे रंग आणि वण्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातील वर्णही. अस्सलायनसुत्त आणि अग्गञ्ञसुत्त या दोन्ही ठिकाणी ब्राह्मणांचा दावा नोंदविलेला आहे : ब्राह्मण हाच शुक्ल वर्ण, इतर सारे कृष्ण. भगवंतांनी तो दावा युक्तिवादाने खोडून काढला. ज्याने ‘शुक्ल’ या शब्दामागचा अहंकार नाकारला, त्याच्याच मुखाला आपण पांढरा रंग फासावा, हा विरोधाभास मूर्तिकाराच्या ध्यानात येत नसला तरी अभ्यासकाच्या ध्यानात यावयास हवा. याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आतील मूर्ती काळ्या पाषाणाची होती. दार मात्र माणसांना बंद होते.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात कायगतासतीच्या विवेचनात त्वचेचे दोन थर वेगळे केले आहेत. आतील ‘तच’ सर्वांचा पांढराच असतो. त्यावरील ‘छवि’ तेवढी काळी, सावळी, पिवळी अशी असते आणि ही छवि सर्व शरीरावरून खरवडून एकत्र केली, तर ती बोराच्या अठळीएवढीच भरते. ज्या भेदावर समाजाने एवढे मोठे इमले उभारले, त्याचे माप इतके! रंगकाम करणाऱ्यालाही हे वर्णन उपयोगी आहे. त्वचेचा रंग हा एकसंध लेप नाही. फिकट अस्तरावर पसरलेला तो एक अतिशय पातळ पडदा आहे.

हे तत्त्व अजिंठ्याच्या चित्रकारांना पक्के ठाऊक होते. त्यांच्याकडील रंगद्रव्ये मोजकीच होती : तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्यासारखे पांढरे द्रव्य, काजळी आणि उत्तरकालीन लेण्यांत बाहेरून आलेला लाजवर्द. एवढ्या सामग्रीवर लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणी, त्याच्या जवळची सावळी स्त्री आणि क्रमांक १७ मधील वेस्सन्तर जातकातील माणसे, प्रत्येकाची कातडी निराळी वठली आहे. एकाच भित्तीवर गौर, सावळे आणि गडद काळसर देह शेजारी शेजारी आहेत आणि सौंदर्य त्यांपैकी कोणा एकाच्या वाट्याला दिलेले नाही. नाकाचा दांडा, ओठ, हनुवटी येथे पांढऱ्याचा छोटा ठिपका, गालाच्या कडेला गडद होत जाणारी छटा. अशा रीतीने सपाट भिंतीवर गोलाई येते. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्रात या छायाकरणाला ‘वर्तना’ म्हटले असून तिचे पत्रज, ऐरिक आणि बिन्दुज असे तीन प्रकार दिले आहेत.

अजिंठ्याचा म्हणून जो तपकिरी-सोनेरी रंग आपल्या मनात ठसला आहे, त्याविषयी मात्र सावध असावे. १९२० नंतरच्या दोनेक वर्षांत हैदराबाद संस्थानाने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. हेतू रक्षणाचा होता. पण रोगण कालांतराने पिवळे पडले आणि सर्वच देह एका पिवळसर झाकेखाली गेले. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी ते काढण्याचे काम केले. जुन्या छापील चित्रांवरून त्वचेचा रंग ठरविणाऱ्याने हे लक्षात ठेवावे; तो कित्येकदा चित्रकाराचा रंग पाहत नसून रोगणाचा रंग पाहत असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. प्लास्टर पाणी शोषते, म्हणून आधी अस्तर हवे. या बाबतीत विनयपिटकातील चुल्लवग्गाचा सेनासनक्खन्धक वाचण्यासारखा आहे. विहाराच्या भिंतींसाठी पांढरा, काळा आणि गेरू यांची अनुज्ञा दिल्यावर भिक्खूंनी तक्रार केली की रंग धरत नाही. तेव्हा कोंड्याचा गिलावा, मोहरीची पूड, मेणाचे तेल, पिठाची खळ अशा एकेक उपायांची अनुज्ञा मिळत गेली. भुसा मिसळलेला चिखलाचा गिलावा अजिंठ्याच्या भिंतींवरही आहे. संयुत्तनिकायातील गद्दुलसुत्तात लाख, हळद, नीळ आणि मंजिष्ठ घेऊन नीट घासलेल्या फळीवर, भिंतीवर वा वस्त्रावर स्त्रीपुरुषांची रूपे काढणाऱ्या चित्रकाराची उपमा येते. तेथेही ‘घासलेली’ हे विशेषण सोडलेले नाही. कारागिराच्या कामाकडे इतक्या बारकाईने पाहणारे धर्मग्रंथ थोडे आहेत.

अस्तर वाळल्यावर मुख, हात आणि पाय यांना गेरू व पिवळ्या मातीच्या मिश्रणात किंचित पांढरा घालून मध्यम सावळा रंग द्यावा. नंतर पातळ केलेल्या रंगाचे तीनचार हात द्यावेत, मधल्या काळात प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. लहान मूर्तीवर नैसर्गिक प्रकाश पुरेशी सावली पाडत नाही, यास्तव पापणीखाली, नाकपुडीशेजारी, ओठांच्या खाली आणि बोटांच्या सांध्यांत सावली रंगानेच दाखवावी लागते. ती काळ्या रंगाने दाखवू नये, मुख मळकट दिसते. गेरूत किंचित नीळ वा हिरवा मिसळावा. कानाची पाळी, ओठ व बोटांची टोके येथे रक्ताची तांबूस झाक असू द्यावी. डोळ्यांचे पांढरे कधीच शुद्ध पांढरे ठेवू नये. डोळे शेवटी. श्रीलंकेत चित्रकार मूर्तीचे नेत्र आरशात पाहून रंगवितो. त्या विधीत न शिरताही, सर्व काम संपल्यावर डोळ्यांकडे वळावे हा क्रम व्यवहार्य आहे.

धातूचा प्रश्न वेगळा आहे. बाजारातील साधा सोनेरी रंग म्हणजे बहुधा तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूची भुकटी. तिचा प्रत्येक कण प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे पाहणारा हलला की चकाकी हलते आणि हळुवार छटांवर उभे असलेले मुख सपाट होते. काही वर्षांत ती भुकटी काळवंडते, हिरवटही होते. ब्रह्मदेशात मंडाले येथील महामुनी मूर्तीवर उपासक सोन्याचा वर्ख चढवितात. शरीर त्या थरांनी जाड, ओबडधोबड झाले आहे. मुखावर मात्र वर्ख लावीत नाहीत; ते रोज पहाटे धुतले जाते. ही विवेकबुद्धी आपल्या रंगाऱ्यांनी उचलण्यासारखी आहे.

महापरिनिब्बानसुत्तात पुक्कुस मल्लाने सोनेरी वस्त्रांची जोडी अर्पण केल्याचा प्रसंग आहे. आनंदांनी ते वस्त्र भगवंतांच्या अंगावर घातले, तेव्हा वस्त्राचे तेज फिके पडल्यासारखे दिसले. तथागतांची त्वचा दोन वेळी अतिशय निर्मळ होते, संबोधीच्या रात्री आणि परिनिर्वाणाच्या रात्री, असे भगवंत तेथे सांगतात. रंगवावयाचे झाल्यास या प्रसंगात धातूचे सोने वस्त्राच्या काठाला द्यावे लागेल आणि त्वचा धातूवाचून उजळ करावी लागेल. अवघड आहे, पण अजिंठ्याच्या कलावंतांनी मुकुट आणि हार पिवळ्या मातीवर गडद रेषा व फिकट ठिपके देऊनच उजळले आहेत.

द्वारकेहून मुंबईच्या वाटेवर थोड्याच अंतरावर त्रिरश्मी लेणी आहेत. (शिलालेखांत ‘तिरण्हु’ हे नाव स्वच्छ कोरलेले असताना आपणच ‘पांडवलेणी’ म्हणत राहावे, याचे नवल वाटते.) तेथील दहाव्या लेण्यात उषवदाताच्या लेखात सोने आहे, पण ते हिशेबात : ३५ कार्षापणांना एक या दराने २००० सुवर्ण, म्हणजे ७०,००० कार्षापण. त्याच लेखात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे ठेव ठेवून तिच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी देण्याची तरतूद आहे. चीवराचा रंग मुळे, खोड, साल, पाने, फुले व फळे यांपासून काढण्याची अनुज्ञा महावग्गात आहे; सर्वस्वी निळी, पिवळी, तांबडी वा काळी चीवरे निषिद्ध आहेत. तेव्हा बाजारी केशरीपेक्षा सालीच्या काढ्याचा मातकट काषाय रंग अधिक शास्त्रशुद्ध ठरतो.

सर्वांत मोठी चूक पात्राच्या बाबतीत होते. मूर्तीच्या मांडीवरील भिक्षापात्र हमखास सोनेरी असते. चुल्लवग्गात सोने, चांदी, रत्ने, स्फटिक, कांस्य, काच, कथील, शिसे, तांबे या सर्वांची पात्रे नाकारून लोखंडी आणि मातीचे, ही दोनच पात्रे मान्य केली आहेत. म्हणून पात्राला काळपट लोखंडी रंग द्यावा, कडेला किंचित राखाडी ओढावा. किंवा भाजलेल्या मातीचा तांबूस रंग द्यावा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या ‘बुरूड राजाचा कोट’ नामक टेकाडातील स्तूप उकलला, तेव्हा दगडी पेटीत मैत्रेय आणि सात मानुषी बुद्ध अशा वीतभराहून लहान आठ धातुमूर्ती वर्तुळाकार मांडलेल्या सापडल्या. मध्ये तांब्याचा करंडक होता. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या पात्राचे तेरा लहान तुकडे होते.