तळटीप : नातवाची हॉकी

१७. सापगावच्या आजीला टोरोंटोहून आलेल्या या पत्रातली लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग. ती २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रियलमध्ये स्थापन झाली; आज तिच्या ३२ संघांपैकी ७ कॅनडाचे, बाकी सगळे अमेरिकेचे. विजेत्यांचा स्टॅन्ली चषक लीगहून जुना आहे : कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी तो १८९२ मध्ये दिला. बर्फावरच्या या हॉकीत चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते; ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. गोलरक्षक धरून एका संघाचे ६ जण बर्फावर असतात, आणि दमलेला खेळाडू खेळ चालू असतानाच बाहेर येऊन दुसऱ्याला आत सोडतो. नातू ज्या 'पळापळी'चे कौतुक करतो ती हीच. सापगावच्या भातसा नदीकाठी पाणी कधी गोठत नाही, त्यामुळे आजीला हे सारे परके वाटणे स्वाभाविक आहे. तरी हा खेळ आपल्याही देशात आहे. लडाखची मुले-मुली थंडीत गोठलेल्या तळ्यांवर तो शिकतात. त्याच लडाखी मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये अल ऐन येथे आशिया चषकाचे कांस्यपदक जिंकले. पत्राच्या विषयाबाहेरची असली तरी ही नोंद येथे मुद्दाम केली आहे. — संपादक